अंगठी थरथरते, पण बोटाला कळत नाही

प्रश्न : ऐकू न येणाऱ्या भावासाठी अंगठी बनवतोय. स्टेशन जवळ आलं की फोन ब्लूटूथवरून इशारा देतो. एक थरथर म्हणजे ‘पुढचं स्टेशन तुझं’, तीन म्हणजे ‘उतर’. प्रत्येक थरथर ५० मिलिसेकंदांची, मधली फटही तेवढीच. घरी शांत बसून तो कसंबसं ओळखतो, लोकलमध्ये एक की तीन तेच उमगत नाही. शिवाय अंगठी चालवणारा सर्किट बोर्ड अधूनमधून रीसेट होतो, म्हणजे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : जोर वाढवण्याआधी वेळा बदला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणाऱ्या १० मिलिमीटरच्या चपट्या मोटरमध्ये एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. त्याला पूर्ण वेग घ्यायला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात आणि थांबायलाही वेळ जातो. म्हणजे तुमच्या तिन्ही थरथरी वेग येण्याआधीच एकमेकींत मिसळतात. लहान थरथर १५०, लांब ५०० आणि फट २५० मिलिसेकंद ठेवा. गर्दीत कुणालाही मोजायला लावू नये. ‘पुढचं स्टेशन’ला एक लांब आणि ‘उतर’ला लहान-लहान-लांब द्या. ३ सेकंदांनी तोच इशारा पुन्हा द्या, कारण पहिला लक्ष वेधण्यातच जातो. सलग थरथर मात्र टाळा, त्वचा तिला लवकर सरावते.

दांडी धरलेल्या हातात अंगठी नको. डब्याचे हादरे त्याच हातात येतात आणि आवळलेल्या बोटाला बारीक कंप कमी जाणवतो. मोटर बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला बसवा, तिथली त्वचा जास्त संवेदनशील असते. उकाड्यात बोटं सुजतात, म्हणून अंगठी एका बाजूने उघडी ठेवा. पण ती सैल नको, सैल अंगठीत कंप बोटापर्यंत नीट पोचत नाही.

बोटाला २०० ते ३०० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा होणारा) कंप सर्वांत चांगला कळतो. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे २०० हर्ट्झ. बॅटरी उतरली की या मोटरचा वेग आणि जोर दोन्ही एकदमच पडतात, म्हणून कंप कमी जाणवतो.

रीसेटचं कारण बहुधा मोटर चालू होताना ओढते तो जास्तीचा प्रवाह, त्याने बोर्डचा व्होल्टेज क्षणभर पडतो. मोटर थेट बोर्डच्या पिनवर जोडली असेल तर काढा, पिनही जळू शकते. मध्ये स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला (पिनकडून इशारा घेणाऱ्या टोकाला) १ किलोओहमचा रेझिस्टर, मोटरला उलटा डायोड आणि बॅटरीवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटरच्या केसासारख्या तारा डाखाजवळ हमखास तुटतात, तिथे इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदाचा थेंब टाका.

मग मुलुंड ते घाटकोपर धीम्या गाडीत उभ्याने २० इशारे उलटसुलट क्रमाने देऊन बघा. दोनपेक्षा जास्त चुकले तर फट ३५० मिलिसेकंद करा.