विकर, विकार आणि मुगाचं यूष

खारघरहून एका ताईंनी विचारलंय: "रक्ताच्या कर्करोगावरच्या लेखात 'पेशीविभाजन घडवणारी विकरे' असं वाचलं. 'विकार' हवं ना? छपाईची चूक का?"

नाही. चूक उलटी होते आणि ती ऐकून ऐकून माझा संयम संपलाय. ठाण्यात नुकत्याच एका व्याख्यानात वक्ते पाऊण तास 'ऑरोरा विकार' म्हणत होते! ऑरोरा कायनेज हा आजार नाही, ते विकर आहे, एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. निरोगी पेशी दुभंगतानाही ते लागतं, गुणसूत्रांची दोन्ही जन्यपेशींत सारखी वाटणी व्हावी म्हणून. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत ते प्रमाणाबाहेर आढळतं, म्हणून त्याला रोखणारी औषधं तपासली गेली. याउलट मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ॲस्परॅजिनेज हे विकरच औषध म्हणून टोचतात. "बाळाला विकार टोचणार आहोत" असं ऐकलं तर त्या आईने काय समजावं?

'दिनकर'मधला 'कर' इथेही आहे. विकर म्हणजे बदल घडवणारं, विकार म्हणजे घडलेला बदल. संस्कृतात दही हासुद्धा दुधाचा विकार.

पण खरी गंमत 'एन्झाइम'मध्ये आहे. हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूनने १८७७ साली रूढ केला. ग्रीक 'एन' म्हणजे आत, 'झ्युमे' म्हणजे खमीर. या 'झ्युमे'चं नातं आपल्या 'यूष'शी लावतात. आजाऱ्याला मुगाचं पातळ कढण देतात ना, आयुर्वेदातलं मुद्गयूष, तेच हे. लॅटिनमध्ये त्याचाच भाऊ 'यूस', आणि तो फ्रेंचमधून फिरून आला तो 'ज्यूस'. म्हणजे खाटेवरच्या रुग्णाच्या वाटीतलं यूष, पेल्यातला ज्यूस आणि त्याच्या पेशीतलं एन्झाइम, तिन्ही एकाच चुलीवरची!

म्हणून 'एन्झाइम' परका, हाकला त्याला, म्हणणाऱ्या शुद्धीवाल्यांशी माझं मुळीच जमत नाही. यूषाचा चुलतभाऊ परका कसा? आणि हाकलायचाच होता तर एन्झाइमसाठीचा जुना मराठी शब्द 'वितंचक' काय वाईट होता? त्यातला 'तञ्च्' धातू 'आतंचन'मध्ये आहे, आणि आतंचन म्हणजे दुधाला लावायचं विरजण. माझं मत पक्कं आहे: क्यूनने खमिराकडे पाहिलं, 'वितंचक' घडवणाऱ्याने विरजणाकडे. 'विकर' तेवढं कागदावर जुळवलं. त्याला स्वयंपाकघराचा वास नाही, म्हणून ते कानात ठरत नाही आणि एका कान्याने विकार होऊन बसतं. परिभाषा समित्यांनी विरजण लावणाऱ्या एका बाईला विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

ताई, तुमच्या लेखातला शब्द बरोबर आहे. पुढे कुठे 'कायनेज विकार' छापलेलं दिसलं, तर मात्र संपादकांना जरूर कळवा.