जुनी मारुती जिप्सी मुंबईत इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः दुरुस्त करून तिच्यात फेरबदल करता येतील का?

करता येतील, परंतु आधी कागदपत्रे पाहावीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. ते झाल्याशिवाय सुटे भाग घेऊ नयेत.

त्यानंतर चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत इंजिनापेक्षा गंजच गाडी लवकर संपवतो, म्हणून पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) चॅसीला जिथे जोडलेले असतात ते ब्रॅकेट, फरशीच्या कडा आणि बॉडी माउंट (बॉडी चॅसीवर जिथे बसवलेली असते त्या जागा) यांवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज बद्द आला किंवा पत्रा खचला, तर तो भाग कापून नवा पत्राच बसवायला हवा, वरून पुट्टी आणि रंग लावणे म्हणजे गंज झाकणे होय. वेल्डिंग मात्र पार्किंगमध्ये अजिबात करू नये. त्यासाठी गाडी गॅरेजमध्येच न्यावी. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, मजबूत स्टँड लावावेत.

ब्रेकचे रबर, होज आणि कूलंटचे पाइप सरसकट बदलावेत. कुर्ल्याच्या बाजारात जुने भाग मिळतात, पण ब्रेकचे भाग नवेच घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे आणि इंजिन बदलायचे असल्यास आरटीओची परवानगी लागते. खूप मोठे टायरही टाळावेत, कारण त्यांमुळे ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.