वायरलेस माऊस अडकतो म्हणून तिसरा घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटचं काम. चार स्टार बघून वायरलेस कीबोर्ड-माऊसचा कॉम्बो ऑनलाइन मागवला. पॉइंटर मध्येच अडकतो, टॅलीत एन्ट्री करताना एखादा अंक गळतो, आणि संध्याकाळी हार्ड डिस्कवर बॅकअप चालू असला की माऊस जवळजवळ हलतच नाही. परत करून दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी रड तीच. त्यात इअरबड्सचा डावा बड वर्षाच्या आत गप झाला. आता कुठली कंपनी घ्यावी, की सरळ वायरवर परत जावं?

मालक, तिसऱ्या कंपनीचा घेतला तरी तेच होणार. बॅकअपच्या वेळी जास्त अडकतो हे तुम्ही लिहिलंत तिथेच उत्तर आहे. तुमचं डोंगल, म्हणजे माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, बहुतेक सीपीयूच्या मागे, हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून, निळ्या यूएसबी पोर्टात लावलेलं असणार. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी 3.0, आणि त्यातून डेटा धावायला लागला की पोर्ट, वायर आणि हार्ड डिस्क, तिन्हींमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. वायरलेस माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. हे माझं डोकं नाही. इंटेलने 2012 साली यावर सविस्तर पेपरच काढला होता. माऊस चांगला आहे, डोंगलही चांगलं आहे, पण शेजारच्या कल्लोळात त्याला माऊसचं ऐकूच येत नाही.

उपाय स्वस्त आहे. यूएसबीची साधी एक्स्टेंशन वायर घ्या, मागच्या काळ्या पोर्टात लावा आणि डोंगल टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर आणून ठेवा. काळा पोर्ट म्हणजे यूएसबी 2.0. त्याचा वेग 480 मेगाबिट, निळ्याचा 5 गिगाबिट. पण माऊसला लागतो त्यातला कणभर, त्यामुळे काळ्या पोर्टात काहीच बिघडत नाही. कारखान्यांच्या ऑफिसात आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे पत्र्याचं टेबल. सीपीयू खाली पत्र्याच्या खणात, डोंगल त्याच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून, आणि माऊस वर. मध्ये सगळं लोखंड. मी पूर्व भागातल्या ऑफिसांची मेंटेनन्सची कामं करतो. 'माऊस खराब आहे' म्हणून बोलावणं आलं की बॅगेतून आधी एक्स्टेंशन वायर काढतो. बहुतेक वेळा पुढे काही करावं लागत नाही.

त्यातूनही थोडं अडकत राहिलं तर वायफायकडे बघा. राउटर डोंगलच्या शेजारीच ठेवला असेल तर लांब सरकवा, आणि ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा, असेल तर मोबाइल-लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टाका. 2.4 चा पट्टा अरुंद आहे. त्यातच वायफाय, ब्लूटूथ आणि सगळ्या वायरलेस माऊसांची वर्दळ चालते.

आता तुमच्या धंद्याची खास भानगड. टॉवेलच्या कारखान्यात लव उडते, ती ऑफिसातही येते. माऊस उलटा करून दिव्याखाली धरा. सेन्सरच्या भोकात नीट बघितलं तर सुताचा एखादा वळलेला तंतू भिंगाच्या कडेला चिकटलेला दिसेल, नुसत्या डोळ्यांनी पटकन दिसत नाही इतका बारीक. आतला सेन्सर म्हणजे एक छोटा कॅमेराच. टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून पॉइंटर किती सरकला ते ठरवतो. समोर तंतू लोंबत असला की हिशोब बिघडतो, माऊस स्थिर असला तरी पॉइंटर थरथरतो. कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकी भिंगावर बसते. टेबलावर काच असेल तर खाली पॅड हवंच, साध्या ऑप्टिकल सेन्सरला काचेवर काही दिसत नाही.

ओळखायची खूण लक्षात ठेवा. पॉइंटर थरथरत असेल तर सेन्सर बघा, थांबून एकदम उडी मारत असेल तर डोंगलची जागा बघा, आणि एका क्लिकला दोन क्लिक पडत असतील तर बटणाखालचा स्विच गेलाय. त्या तिसऱ्याला घरगुती उपाय नाही, वॉरंटीत द्या.

कीबोर्डच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे: अकाउंटच्या टेबलावर वायरचाच कीबोर्ड ठेवा. अंक गळतो हे एक कारण झालंच. दुसरं असं की 2016 मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकन सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की आठ उत्पादकांचे काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली अक्षरं जशीच्या तशी हवेत सोडतात आणि ती 250 फुटांवरून टिपता येतात. सगळेच तसे नसतात, चांगल्या कंपन्या सिग्नल एन्क्रिप्ट करतात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा करून पाठवतात. पण ज्या टेबलावर बँकेचा पासवर्ड टाइप होतो तिथे ही शंका तरी कशाला? कीबोर्ड काही सारखा इकडून तिकडे हलत नाही, त्याला वायर असली तर अडचण कसली. माऊस खुशाल वायरलेस ठेवा.

आता स्टारचं. चार स्टार बघून घेतला तरी फसलो, असं तुम्ही म्हणता. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांत बरेचसे माल हातात पडल्या पडल्या लिहितात, तेव्हा सगळंच छान असतं. शिवाय एकाच पानावर तीन-चार मॉडेलचे रिव्ह्यू एकत्र केलेले असतात, म्हणजे तुम्ही वाचता एकाबद्दल आणि घरी येतं दुसरंच. पाच स्टार दिले तर बक्षीस, अशी चिठ्ठीही खोक्यात निघते. आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक 2022 मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे. म्हणून मी दोन आणि तीन स्टारवाले, वापरून सहा महिने झालेले लोक काय म्हणतात ते वाचतो. तेच दुखणं पाच-सहा जणांनी सांगितलं असेल, उदाहरणार्थ चार्जिंगची पिन ढिली होते किंवा चाक घसरतं, तर ती वस्तू सोडतो.

एक स्टारवाले वाचताना मात्र मीठ-मिरची वगळून वाचा. 'दहा हजार एमएएचची पॉवर बँक, सहा हजारच निघाली, फसवणूक!' असं दर दुसऱ्या पानावर दिसेल. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. मोबाइलला 5 व्होल्टने देताना तोच साठा सुमारे 7,400 होतो, त्यातून रूपांतरातली गळती वजा केली की सहा-साडेसहा हजार उरतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच आकडा बहुधा छापलेला असतो. किंवा हे बघा: 'गाणी मस्त, पण कॉम्प्युटरवर मीटिंग लावली की आवाज डब्यातून आल्यासारखा.' ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की कॉम्प्युटर त्याला फोन कॉलच्या मोडमध्ये टाकतो, स्टिरिओ जातं आणि दर्जा पडतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि आवाज तेवढा हेडफोनवर ठेवा, झालं. वस्तूला शिव्या खायला लागल्या त्या उगाच.

तुमच्या डाव्या बडचं. आधी केसच्या आतल्या दोन पिना आणि बडवरचे टिपके कोरड्या कापसाने पुसा. घाम आणि मळाचा थर बसला की तो बड चार्जच होत नाही आणि आपण तो मेला असं धरून चालतो. मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे रीसेट करून पुन्हा पेअर करा. एवढं करूनही उठला नाही तर बॅटरी संपली समजा. तेवढ्याशा बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत केस ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज आणि गरम अशा दोन्ही अवस्थेत एकदम असली की सगळ्यात लवकर म्हातारी होते, आणि इअरबड्स केसमध्ये कायम पूर्ण चार्जच असतात. खोक्यावरचं आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो एवढंच. नळाखाली धुवायचं लायसन्स नव्हे.

कुठून घ्यायचं? माऊस, कीबोर्ड, हेडफोन मी नवी पेठेत दुकानातच घ्यायला सांगतो. शे-पन्नास जास्त जातात, पण माऊस हातात बसतो की नाही, क्लिक कडक आहे की मऊ, हे तिथेच कळतं. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: वॉरंटीचा माल इथेच घेतात की पुण्याला पाठवावा लागतो, आणि पक्कं बिल देणार का. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात तर कुणी दारात उभं करत नाही. खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनलं आणि तक्रारीसाठी नंबर हवा. वायरलेस कीबोर्डला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी 2012 च्या आदेशापासून सक्तीची आहे. 'आर' ने सुरू होणारा तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो. यातलं काहीच नसलेलं खोकं दोनशे रुपयांत मिळालं तरी मी घेत नाही.

एवढ्यावरही वॉरंटीत असलेली वस्तू बदलून देत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ऑनलाइन विक्रेत्यांना 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं, हे त्यांना लेखी आठवून दिलं की पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्याच आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्यासाठी बिल, खोक्याचा फोटो आणि कस्टमर केअरशी झालेलं चॅट जपून ठेवा. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका, ईमेल करा.