बॅग घेताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

आईबाबा, दोघेही सत्तरीचे, नाशिकरोडहून रेल्वेने दक्षिण यात्रेला निघालेत. थर्ड एसीची तिकिटे आहेत. दोघांत मिळून एकच मोठी, चार चाकांची ट्रॉली घेतली तर सोयीचे होईल ना? – एक वाचक, सिडको

नाही होणार. दोघांना दोन लहान बॅगा घ्या. ७५ सेंटिमीटर उंचीची बॅग नीट भरली की वीस किलोंच्या पुढे सहज जाते. दुकानातल्या फरशीवर ती एका बोटाने सरकते. नाशिकरोडला मात्र गाडी काही मिनिटेच थांबते आणि डब्याच्या उंच पायऱ्यांवर ती उचलूनच चढवावी लागते. बॅग निवडताना किती दिवसांची सहल, हे सगळे आधी बघतात. खरे तर प्रवासात ती सगळ्यात अवघड जागी कोण उचलणार, ते आधी बघायचे. या वयात भरलेली बॅग आठ-दहा किलोंची असावी, म्हणजे ५५ सेंटिमीटरची.

रेल्वेच्या नियमातही तेच माप बसते. थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते, पण पेटी किंवा सुटकेस ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरपर्यंतच हवी. त्याहून जाड बॅग खालच्या बर्थखाली अडकते आणि मग रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येते.

चाके दोनच घ्या. चार चाकांची बॅग धावत्या गाडीत इकडून तिकडे घरंगळते. शिवाय तिची चाके बारीक आणि बाहेर आलेली असतात. एसटी स्टँडच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकली, की चाक शाबूत राहते आणि ते बसवलेले प्लॅस्टिकचे बूड तुटते. दोन चाकांच्या बॅगेत चाके मोठी आणि निम्मी आत बसवलेली असतात. दुकानात दांडा पूर्ण वर ओढून हलवून बघा. थोडी ढिलाई चालते, पण दांडा बोटभर डुलत असेल तर ती बॅग ठेवून द्या. बर्थखाली लोखंडी कडी असते, साखळी-कुलूप तिला लावायचे. औषधे, चष्मा, आधार कार्ड आणि मोबाईलचा चार्जर खांद्याच्या झोळीत.

मुलगा एमएससाठी अमेरिकेला जातोय. हार्ड बॅग की कापडी? कुठल्या मापाच्या घ्याव्यात? – एक पालक, गंगापूर रोड

आधी तिकीट उघडून बघा. अमेरिकेच्या इकॉनॉमी तिकिटावर बऱ्याचदा २३-२३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात. काही स्वस्त भाड्यांत एकच. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी, तीही चाके आणि हँडल धरून. दुकानदार ‘पंचाहत्तरची’ म्हणतो तेव्हा त्यात चाके धरलेली असतात असे नाही. मोजपट्टी सोबत न्या.

रिकाम्या बॅगेचे वजन जरूर विचारा. साडेपाच किलोंची आणि चार किलोंची यांत दीड किलोचा फरक पडतो. म्हणजे तेवढे गोडा मसाला, मेतकूट आणि पोह्यांचे पापड जास्त बसले.

हार्ड बॅग घेणार असाल तर आतल्या लेबलवर प्लॅस्टिकचा प्रकार वाचा. एबीएस स्वस्त आणि कडक असते, पण कोपऱ्यावर आदळले की तडकते. पॉलिकार्बोनेट दबते आणि परत वर येते. पॉलिप्रॉपिलीन हलके असते आणि त्यावरचे ओरखडे फारसे डोळ्यांत येत नाहीत. विमानतळावरची आदळआपट बघता आमचे मत शेवटच्या दोनांना, त्यातही वजन काटेकोर असेल तर पॉलिप्रॉपिलीनला.

चेनचे कुलूप फार भरवशाचे नसते. नायलॉनच्या साध्या चेनमध्ये बॉलपेनचे टोक खुपसले की दाते फाकतात, बॅग उघडते, आणि कुलूपबंद रनर पुन्हा त्यावरून फिरवला की काही घडलेच नाही असे दिसते. दुहेरी थराची चेन किंवा चेन नसलेली, खटक्याची बॅग त्यापेक्षा बरी. अमेरिकेसाठी टीएसए (तिथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) खुणेचे कुलूप घ्या, म्हणजे तिथले तपासनीस त्यांच्याजवळच्या किल्लीने उघडतात. साधे कुलूप असेल तर ते तोडतात.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ भरते. लोणच्याची बरणी मात्र चेक-इनमध्ये. विमानात दाब उतरला की बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते, म्हणून ती दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मध्ये ठेवा.

घरी वजन करायला बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. अर्धा किलो हातचा ठेवा. काट्या-काट्यात फरक असतो.

हरिहर आणि पुढे कळसूबाईचा मुक्कामी ट्रेक. एकच सॅक दोन्हीकडे चालेल का? – एक वाचक, कॉलेज रोड

चालवता येईल, पण हरिहरवर पस्तावाल. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर मोठी सॅक मागे खेचते. तिथे २०-२५ लिटरची अरुंद सॅक हवी. पाण्याची बाटली बाजूच्या जाळीत न ठेवता आत टाका. निसटली तर खालून येणाऱ्याच्या डोक्यात जाईल.

मुक्कामाला ४५-५० लिटर. लिटरपेक्षा पाठीचे माप महत्त्वाचे. मान पुढे झुकवल्यावर खाली जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावा आणि त्या मापाची सॅक मागा. कमरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. बहुतेक वजन तिथे जाते, खांद्यांवर थोडेच उरते. जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीला. स्लीपिंग बॅग तळाशी.

पावसात रेनकव्हरवर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही आणि शर्टावरून ओघळलेले पाणी तिथूनच आत शिरते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरा.

माळ्यावरची बॅग काढली तर आतले अस्तर चिकट झाले होते आणि चाकांचा भुगा पडत होता. फारशी वापरलीही नव्हती! – एक वाचक, इंदिरानगर

न वापरताच खराब होते ती. अस्तरावरचा मुलामा आणि चाके पॉलियुरेथेनची असतात. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षे आतून तुटत जाते. चिकटपणा पुसून जात नाही. अस्तर काढून टाका. चाके मात्र बदलून मिळतात. जुने चाक नमुन्याला न्या. नवी बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधून ठेवू नका. पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत वारा दाखवा.

चेन लावली तरी मागून उसवते. बॅग टाकून द्यावी का? – एक वाचक, नाशिकरोड

दाते शाबूत असतील तर दोष रनरचा. वापरून त्याच्या मागच्या कडा फाकतात. पकडीने दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा, आधी एक, मग दुसरी. जोर लावला तर रनर जाम होतो किंवा तुटतो. तरीही उसवली तर रनर बदलून घ्या. त्याच्या पाठीवर बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो, तोच मागा.