वायफाय जोडलंय, मग इंटरनेट का नाही? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत राउटर बदलून झाला, प्लॅन वाढवून झाला आणि तक्रार मात्र तशीच राहिली, असंच लिहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी तपासणी सांगितली आहे आणि खरेदी नंतर.

प्रश्न : घरी फायबरचं कनेक्शन आहे. फोनवर वायफायच्या सगळ्या पट्ट्या दिसतात, तरी पान उघडत नाही. राउटर रीसेट करू का? – वाचक, नांदेड

रीसेटच्या भोकात पिन घालू नका. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेट केलं की कंपनीच्या माणसाने भरलेलं पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन होण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि इतर नोंदी पुसल्या जातात. मग मूळ दोष दूर झाला तरी तो माणूस येईपर्यंत नेट चालू होत नाही.

पट्ट्या फक्त फोन ते राउटर एवढ्याच अंतराचा हिशेब सांगतात. पुढची वाट बघायची तर फायबर जिथे येते त्या डब्याचे, म्हणजे ओएनटीचे, दिवे पाहा. ‘एलओएस’ लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. डब्याला जोडलेली बारीक वायर कपाटामागे दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे बघा. बांगडीपेक्षा लहान वळसा पडला की प्रकाश गळायला लागतो. टोकाचा हिरवा कनेक्टर एकदा काढून ‘टक्’ आवाज होईपर्यंत परत बसवा. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून पाहू नका. तरीही लाल असेल तर दोष बाहेर आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट नाही’ एवढंच न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा, म्हणजे फायबर जोडणारा माणूस थेट येतो.

‘पॉन’चा, म्हणजे कंपनीच्या फायबरशी जोडणी झाल्याचा, दिवा स्थिर हिरवा असेल तर कॉम्प्युटरवर विंडोज कळ आणि आर दाबून ‘सीएमडी’ उघडा आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या (इथले आकडे आपल्या लिपीत छापले आहेत, टाइप करताना इंग्रजी आकडे घ्या). आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा, राउटर एक मिनिट बंद ठेवून सुरू करा. पत्ता बरोबर असेल तर ‘डीफॉल्ट गेटवे’, म्हणजे राउटर, याच्या समोरच्या पत्त्याला पिंग करा (ping लिहून जागा सोडून पत्ता टाइप करा, तिथून उत्तर येतं का ते कळतं). बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो. नंतर ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या साइटच्या नावाला. गेटवेकडून उत्तर आलं, ८.८.८.८ कडून नाही, तर अडचण कंपनीकडे आहे. दोन्हीकडून आलं आणि फक्त नावाला आलं नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, अडलाय. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज इथे जाऊन डीएनएस ‘मॅन्युअल’ करा, आयपीव्ही४ सुरू करा आणि ८.८.८.८ व १.१.१.१ भरा. हे शेवटचं दुखणं बरंच आढळतं आणि त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर वेग ९४ च्या पुढे जात नाही. कंपनी म्हणते, आमच्याकडून पूर्ण येतो. – वाचक, डोंबिवली

कंपनी खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. ९४ हा आकडाच दोष सांगतो: १०० एमबीपीएसच्या जोडणीतून डेटाच्या पाकिटांवरचा खर्च वजा जाता साधारण ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर अडली आहे. सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या तपशिलात ‘लिंक स्पीड’ पाहा. तिथे १००/१०० दिसेल.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या चारच लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. १००० ला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आधी दुसरी, कारखान्यात तयार झालेली छोटी केबल लावून बघा. वेग वाढला तर जुन्या केबलची दोन्ही टोकं कापून नवे प्लग क्रिंप करून घ्या. क्लिप खाली, पिना वर, केबल आपल्याकडे धरली की डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा.

केबल बदलूनही ९४ च राहिले तर राउटरचे पोर्ट बघा. स्वस्त राउटरच्या खोक्यावर ‘३०० एमबीपीएस’ मोठ्या अक्षरात असतं, पण तो वायफायचा आकडा. पोर्ट १०/१०० चेच असतात. तसं असेल तर मात्र गिगाबिट पोर्टचा राउटर घ्यावाच लागेल. नवी केबल घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. ‘सीसीए’ लिहिलेली म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती लवकर तुटते, लांब अंतरावर तर नकोच.

प्रश्न : १०० एमबीपीएस असूनही डाउनलोडचा आकडा १२ च्या वर जात नाही. – वाचक, लातूर

तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि ८ बिटांचा १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

प्रश्न : जुना वाडा, दगडी भिंती. खाली वायफाय उत्तम, माडीवर काहीच नाही. दुकानदार रिपीटर घ्या म्हणतो. जुना राउटर पडून आहे. – वाचक, वाई

रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि त्यावरच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा तिथे आधी चांगली रेंज हवी, आणि तीच तुमच्या भिंती अडवतात. एक लॅन केबल माडीवर न्या (१०० मीटरपर्यंत चालते) आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा, म्हणून वापरा.

जुना राउटर आधी एकट्याने कॉम्प्युटरला जोडा आणि त्याचं पान उघडा. पत्ता तळाच्या स्टिकरवर असतो. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवडा, पुढचं काही करावं लागत नाही. नसेल तर प्रथम त्याचा लॅनचा पत्ता बदला. खालचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२५० द्या, आणि खालचा राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या यादीत २५० येत नाही हे त्याच्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या सोयीच्या) पानावर बघून घ्या. मग नव्या पत्त्याने पुन्हा पान उघडून डीएचसीपी बंद करा. शेवटी खालून आलेली केबल लॅनच्या पोर्टात लावा, बाहेरून नेट घेणाऱ्या, वेगळ्या रंगाच्या वॅनच्या नव्हे.

इथे चूक होते ती डीएचसीपी बंद करायचं राहून जाण्याची. मग घरात पत्ते वाटणारे दोघं होतात आणि एका फोनवर नेट चालतं, दुसऱ्यावर नाही, उद्या उलट. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवा म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरच्याला जोडला जाईल. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रश्न : लोडशेडिंगमध्ये राउटर चालू राहावा म्हणून मिनी यूपीएस घ्यायचा आहे. कोणता? – वाचक, सांगोला

आधी लाइट गेल्यावर ओएनटी आणि राउटर कुणाच्या तरी इन्व्हर्टरवर तासभर चालवून बघा. डबा चालू असताना एलओएस लाल झाला, तर ऑपरेटरच्या टोकालाही वीज नाही आणि तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. फायबर थेट घरात येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला) वीज लागत नाही. पण इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबलने नेट येत असेल तर त्या स्विचला लागते.

नेट टिकत असेल तर अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत; बहुतेक डबे १२ व्होल्टचे, पण ९ आणि ५ चेही असतात. अँपिअर लेबलपेक्षा जास्त चालतील, कमी नाहीत. दोन डबे एकाच यूपीएसवर लावायचे तर दोघांचे अँपिअर मिळवा. पिनच्या चित्रात मधला ठिपका धन आहे ना, हेही बघा. खोक्यावरच्या एमएएचला (बॅटरीत किती साठतं त्या आकड्याला) फसू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो: ८००० एमएएच म्हणजे २९.६ वॉट-तास, १२ व्होल्टवर जेमतेम २४६७ एमएएच. रूपांतरात पाचवा हिस्सा गेला असं धरलं तर ८ वॉट खाणाऱ्या जोडीला साधारण तीन तास.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडताना ‘कनेक्शन खासगी नाही’ असं येतं. त्याच वायफायवर फोनमध्ये उघडते. – वाचक, चिपळूण

कोपऱ्यातली तारीख बघा, ती काही वर्षं मागे असेल. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज इथे टाइम झोन +५:३० करून ‘सिंक नाउ’ दाबा. प्लग काढून ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे गेली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. बदलण्याआधी बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सेटिंगचे फोनवर फोटो काढा, विशेषतः साटा मोड, म्हणजे हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत. सेल काढल्यावर तो एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज सुरू होत नाही, आणि लोक हार्डडिस्क गेली समजून नवी आणतात. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र तिथे पासवर्ड टाकू नका.

प्रश्न : वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की फायबर काढून ठेवायची का? – वाचक, आजरा

काच वीज वाहत नाही, त्यामुळे फायबर तशीच राहू द्या. वारंवार काढली तर टोकात धूळ जाते. काढायचा तो अ‍ॅडॅप्टर, आणि तोही सॉकेटमधून; नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. गच्चीवरून किंवा शेजारच्या घरातून आलेली तांब्याची लॅन केबल असेल तर ती आधी काढा, पोर्ट जळतात ते बहुधा तिच्यामुळे. फायबरसोबत आधाराची पोलादी तार येत असेल तर ती भिंतीबाहेरच बांधून तोडायला सांगा, घरात आणू देऊ नका.