प्रकटीकरण वाचण्याआधी दानीएल वाचा

बायबलमधल्या शेवटच्या काळाचा अभ्यास सुरू करताना थेट त्याचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडू नका. आधी दानीएल 7 ते 12 आणि मत्तय 24 सावकाश वाचा. प्रकटीकरण 13 मधलं श्वापद चित्ता, अस्वल आणि सिंह यांचं मिळून झालेलं आहे. हेच प्राणी दानीएल 7 मध्ये वेगवेगळे येतात आणि 17 व्या वचनात त्यांचा अर्थ राजे असा दिलाय. म्हणजे चिन्हाचा उलगडा बातम्यांत नाही, शास्त्रातच शोधायचा. प्रकटीकरण 1:20 मध्ये समया म्हणजे मंडळ्या (चर्च), 17:15 मध्ये जलप्रवाह म्हणजे लोकसमुदाय, हे सरळ सांगितलंय. अशी उत्तरं वहीत टिपत जा.

आकड्यांच्या बाबतीत फार जपा. 42 महिने, 1260 दिवस आणि साडेतीन काळ (म्हणजे साडेतीन वर्षं) हा एकच कालावधी आहे. त्यांची बेरीज करू नका. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर यांनी दानीएल 8:14 मधले 2300 दिवस वर्षं धरून मोजले. त्यावरून त्यांचे अनुयायी 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्त परत येईल म्हणून वाट पाहत बसले, तो आला नाही आणि कितीतरी प्रामाणिक विश्वासणाऱ्यांची मनं मोडली. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं सांगणारं मत्तय 24:36 समोर असताना कुणीही तारीख सांगितली, तर तिथेच थांबा.

प्रकटीकरण 20 मधल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल विश्वासू अभ्यासकांतही तीन मुख्य मतं आहेत. घाईने बाजू घेऊ नका.