पीयूसीत असतानाच पदवीचे क्रेडिट जमवता येते का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीवर आहेत. शाळेत किंवा पीयूसीत (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीत) शिकतानाच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे गुणांक, मिळवायचे आणि पुढे वर्ष वाचवायचे, हे आपल्या बेळगाव भागात कितपत जमते? त्यातली निवडक पत्रे थोडी आवरून येथे दिली आहेत.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा अजून हायस्कूललाच आहे, पण त्याचे कॉलेजचे 9 क्रेडिट झाले म्हणते. आमची मुलगी बेळगावात पहिल्या पीयूसीला सायन्स घेऊन शिकते. आपल्याकडे अशी सोय आहे का? अर्ज कुठे करायचा? — एक आई, नंदगड

तिकडे यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. पहिली एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था दर मे महिन्यात विषयवार परीक्षा घेते आणि 1 ते 5 गुण देते. 3 किंवा जास्त गुणांवर बरीच कॉलेजे क्रेडिट देतात. नावाजलेली विद्यापीठे 4 किंवा 5 मागतात, आणि काही ठिकाणी क्रेडिट न देता फक्त वरच्या वर्गात बसू देतात. दुसरी वाट ड्युअल एनरोलमेंटची. यात मुलगा हायस्कूलला असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखाद्या विषयाला रीतसर नाव घालतो आणि त्याचे गुणपत्रक ते कॉलेजच देते. तिथल्या चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि एका सेमिस्टरचा एक विषय बहुधा 3 क्रेडिटचा असतो. म्हणजे तुमच्या भाच्याचे तीन विषय झाले असणार.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट कागदावर आहे. एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. त्यात अभ्यासाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट आणि एका वर्षाचे 40 क्रेडिट असा हिशोब आहे. अकरावीची पातळी 3.5, बारावीची 4 आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची 4.5. घोळ होतो तो इथेच. पीयूसीच्या दोन वर्षांचे 80 क्रेडिट धरले, तरी ते 3.5 आणि 4 या पातळ्यांचे. पदवीच्या क्रेडिटमधून ते वजा होत नाहीत, त्यांच्यावर फक्त पदवीचे दार उघडते. त्यामुळे तुमच्या मुलीने अर्ज करावा असे कार्यालय बेळगावात नाही. एपीची परीक्षा भारतातूनही देता येते, पण तिची फी डॉलरच्या हिशोबाने पडते आणि परदेशी जायचे पक्के असेल तरच त्या खर्चाला अर्थ आहे.

मी निपाणीत पहिल्या पीयूसीत आहे. एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) पायथनचा कोर्स करून सर्टिफिकेट घेतले तर पुढे इंजिनिअरिंगला व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) ते क्रेडिट धरेल का? कोर्स करताना काय सांभाळावे? — विद्यार्थी, निपाणी

धरेल या भरवशावर करू नका. स्वयम् (सरकारी ऑनलाइन कोर्सचे पोर्टल) आणि एनपीटेलच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत कसे धरायचे, याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम 2021 चे आहेत. एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला असे ऑनलाइन करता येतात. मात्र कोणते कोर्स चालतील हे तो शिकत असलेल्या संस्थेने आधी ठरवायचे, आणि कोर्स झाल्यावर त्याच संस्थेने ते आपल्या नोंदीत घ्यायचे. तुम्ही आज कुठल्याही पदवी कॉलेजात नाही, म्हणजे नोंद घेणारेच कोणी नाही. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या सरकारी ऑनलाइन क्रेडिट खात्यात, जमा केलेले क्रेडिट सात वर्षे चालते हे खरे, पण त्या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. भरणा संस्थाच करते.

तरी कोर्स करण्यासारखा आहे. कॉम्प्युटर सायन्सला जायचे की मेकॅनिकलला, हे बारा आठवडे प्रोग्रामिंग करून पाहिल्यावर जितके कळते तितके समुपदेशनाच्या रांगेत उभे राहून कळत नाही.

एनपीटेलच्या 4 आठवड्यांच्या कोर्सला 1, 8 आठवड्यांच्या कोर्सला 2 आणि 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिटची शिफारस असते. शिकणे फुकट आहे. परीक्षेला वेगळी नोंदणी आणि फी लागते, साधारण हजार रुपये. अंतिम गुणांत गृहपाठाचे 25 आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75. पास होण्यासाठी गृहपाठात 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्हीकडे मिळवावे लागतात. बरेच जण फक्त एकूण 40 बघतात. गृहपाठाचे 20 आणि परीक्षेचे 29, बेरीज 49, तरी सर्टिफिकेट नाही. बारा आठवड्यांत सर्वांत चांगले 8 गृहपाठ धरतात, तेव्हा एखाददुसरा चुकला तर घाबरू नका. पण पहिले तीन-चार सोडले की पुढचे सुटत जातात. मागचे न समजल्याने पुढचा व्हिडिओ नुसता पाहिला जातो, हे त्याचे कारण.

वेळ निवडताना जुलैची तुकडी घ्या. जानेवारीच्या तुकडीची परीक्षा एप्रिलच्या सुमारास येते आणि दुसऱ्या पीयूसीला तेव्हाच बोर्ड आणि सीईटीची धांदल असते. 12 आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला सात-साडेसात तास धरा. क्लास आणि बसचा प्रवास सांभाळून ते निघत नसतील तर 4 आठवड्यांचा घ्या. परीक्षा इंग्रजीत असते. नोंदणीत नाव आधारप्रमाणेच लिहा, कारण सर्टिफिकेटवर तेच छापले जाते. परीक्षेला जाताना ओळखपत्राची मूळ प्रत न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

दुसऱ्या पीयूसीच्या वाचकांसाठी जाता जाता एक गोष्ट. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएसला अकरावीची, म्हणजे आपल्या पहिल्या पीयूसीची, वार्षिक परीक्षा दिल्यावर अर्ज करता येतो. चार आठवड्यांचा अभ्यास आणि केंद्रावरची पात्रता परीक्षा पीयूसीत असतानाच उरकते. क्रेडिट मात्र बारावी पास होऊन प्रवेश घेतल्यावरच सुरू होते. पहिला टप्पा 8 विषयांचा, 32 क्रेडिटचा. शाळेत राहून पदवीच्या दारापर्यंत पोहोचण्याची आपल्याकडची सर्वांत सरळ वाट सध्या हीच आहे.

शाळेतून अपार आयडीसाठी संमतीपत्र आले. आम्ही सही केली, पण 'नाव जुळत नाही' म्हणून आयडी निघाला नाही. मुलगा नववीत आहे. हा आयडी एवढा महत्त्वाचा आहे का? — एक पालक, खानापूर

अपार हा विद्यार्थ्याचा 12 आकडी क्रमांक आहे आणि पुढे कॉलेजचे क्रेडिट याच क्रमांकाखाली जमा होते. मूल अल्पवयीन असल्याने पालकांची संमती लागते, आणि ती ऐच्छिक आहे. आयडीवाचून शाळा अडणार नाही. पण नाव जुळत नसल्याचे आज नववीतच कळले, हा फायदा समजा.

आपल्या भागात हा घोटाळा जास्त होतो. शाळेच्या दाखल्यात नाव मराठीत, सरकारी नोंदीत कन्नडमध्ये आणि संगणकावर रोमन लिपीत असते. तीन लिप्यांच्या फेऱ्यात 'व' रोमनमध्ये कधी V ने लिहिला जातो, कधी W ने. 'पाटील'मधल्या दीर्घ ई-ची कुठे दोन अक्षरे होतात. त्यात आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी, आणि वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. यूडायस प्लसवरचे (शाळांच्या सरकारी नोंदींच्या पोर्टलवरचे) नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळले नाही की आयडी अडतो.

जन्मदाखला, शाळेच्या नोंदीची प्रत आणि आधार ही तीन कागदे शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. जन्मदाखला बरोबर असेल तर बाकीचे दोन्ही त्याच्याशी जुळवा. शाळेतली दुरुस्ती मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन आताच करून घ्या. दहावीला नॉमिनल रोल (परीक्षेला बसणाऱ्यांची यादी) बोर्डाकडे गेला आणि मार्क्स कार्ड छापून आले की पुढची दुरुस्ती बोर्डाच्या दारात जाते आणि महिने खाते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. तेव्हा शाळेत कोणते स्पेलिंग कायम होणार हे कळल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका. घाईने केलेली एक दुरुस्ती वाया गेली की हातात एकच उरते.

मुलाला पंधरा पूर्ण झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. त्याच फेरीत चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्या. डिजिलॉकरचा (सरकारी ऑनलाइन कागदपत्र-पेटीचा) ओटीपी त्यावरच येतो, आणि बंद पडलेल्या जुन्या सिमपायी अडकलेली मुले थोडी नाहीत.

दहावीनंतर डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगचे एक वर्ष वाचते असे सगळे सांगतात. मुलगी मराठी माध्यमाची आहे. पीयूसी बरी की डिप्लोमा? — एक पालक, चिकोडी

आधी वर्षे मोजा. दोन वर्षे पीयूसी आणि चार वर्षे बीई, एकूण सहा. तीन वर्षे डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळून तीन वर्षे बीई, एकूण सहाच. बीईचे पहिले वर्ष माफ होते, पण ते डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षात गेलेले असते. पीयूसी सायन्स करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. त्या वाटेने दोन, दोन आणि तीन अशी सात वर्षे होतात.

फायदा आहे तो वेगळा. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास हातात नोकरीला चालणारा कागद येतो, आणि घरची परिस्थिती बदलली तर थांबता येते. पीयूसीवर थांबलेल्या मुलीच्या हाती असे काही नसते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करायचे असेल तर डिप्लोमाला किंमत आहे.

अडचणी दोन. डिप्लोमा इंग्रजीत शिकवतात. मराठी माध्यमाची मुलगी पहिल्या सेमिस्टरला गणितात नव्हे, प्रश्न वाचताना अडते. दहावीच्या सुट्टीत गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द पाठ केले तर हा त्रास बराच कमी होतो. दुसरी अडचण तीन वर्षांनी येते. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची डीसीईटी (डिप्लोमाच्या मुलांची प्रवेश परीक्षा) देऊन मूल व्हीटीयूच्या तिसऱ्या सेमिस्टरला बसते. तिथला वर्ग पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस शिकून आलेला असतो, आणि डिप्लोमाचे गणित त्यापेक्षा हलके. त्यामुळे अशी लॅटरलची, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, मुले गणितात मागे राहताना दिसतात. डीसीईटीचा निकाल ते कॉलेज सुरू होणे यात जो वेळ मिळतो त्यात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स पक्के करावेत.

आमचे मत विचाराल तर, गणित आवडत असेल आणि बीई करायचेच असेल तर पीयूसी. हाताने काम करायला आवडत असेल किंवा मध्येच थांबावे लागण्याची शक्यता असेल तर डिप्लोमा.

आमच्याकडे एक क्लास दहावीच्या मुलांना 'युनिव्हर्सिटी क्रेडिट सर्टिफिकेट' देतो. फी 15 हजार. घ्यावे का? — वाचक, अथणी

तीन प्रश्न लेखी विचारा. क्रेडिट देणारे विद्यापीठ कोणते? राष्ट्रीय आराखड्यातली त्याची पातळी किती? ते मुलाच्या डिजिलॉकरमधल्या क्रेडिट खात्यात दिसेल का? मग त्या विद्यापीठाचे नाव यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. बनावट विद्यापीठांची वेगळी यादीही तिथेच आहे. एखाद्याही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. शिकवणी चांगली असेल तर ती शिकवणी म्हणून घ्यावी, आणि तेवढीच फी द्यावी.

मुलाला पीयूसीनंतर कोल्हापूर किंवा पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवायचे आहे. बेळगावात जमवलेली सर्टिफिकेटे तिकडे उपयोगी पडतील का? — एक पालक, येळ्ळूर

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटला गुण नाहीत. तिथे एमएचटी-सीईटी लागते, आपली कर्नाटकची केसीईटी चालत नाही. उपयोगी पडतो तो सीमाभागाचा 'ई' प्रकार. सीमाभागातील 865 गावांच्या हद्दीतल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी तो आहे. गाव सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. त्यांचे नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात आणि दाखला त्याच नमुन्यात हवा. कार्यालयाने आपल्या लेटरहेडवर दिलेला वेगळ्या शब्दांतला दाखला पडताळणीत परत येऊ शकतो. टीसी घेताना मातृभाषेचा रकाना असेल तर तो भरला आहे का ते तिथेच पाहून घ्या. मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालानंतर लगेच करा, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर बोर्डाच्या चकरा माराव्या लागणार नाहीत.